तिसऱ्या पानाची नाडी

संस्थेत सगळे त्यांना नाडीबाई म्हणत. तोंडावर नुसते 'बाई', पाठ वळली की नाडीबाई. हे नाव काचघराच्या माळ्याने पाडले होते आणि ते इतके चपखल बसले की एकदा भर बैठकीत खुद्द संचालकांच्या तोंडून निसटले. बाईंच्या कपाळाला आठी पडली नाही. "रोग्याची नाडी बघायची नाही तर कुणाची?" एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला.

वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करण्यात त्यांची एकतीस वर्षे गेली होती, आणि त्यांतली अखेरची चौदा काकडीच्या एकाच वाणावर. वाणाला नाव नव्हते, अकरा हा आकडा होता. काकडीवर भुरी नावाचा रोग येतो. पानावर कुणी पीठ चाळून गेल्यासारखी पांढरी बुरशी धरते, पान आतून उपाशी मरते आणि वेलही त्याच्यामागून जातो. बुरशी पानात शिरू लागली की झाड आपल्याच पेशींत एक आग पेटवते. ही आग म्हणजे प्राणवायूची जळजळीत रूपे, हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांतलेच एक. आगीत बुरशी होरपळते, पण आग आवरली नाही तर झाडही होरपळते. ती आवरणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. बहुतेक वाणांची धावपळ शत्रू उंबऱ्याच्या आत आल्यावर सुरू होते. अकरा नंबरचे तसे नव्हते. रोग द्यायच्या दिवशी, रोग देण्याआधी सकाळी घेतलेल्या नमुन्यांतच या काकडीच्या अंगातली ही द्रव्ये दुपटीवर गेलेली असत. ज्या रोपांना रोग द्यायचाच नव्हता, जी केवळ तुलनेसाठी वेगळ्या दालनात ठेवलेली होती, त्यांचीही तीच तऱ्हा. आणि प्रयोग नसलेल्या आठवड्यांत मोजावे तर सारे शांत.

बाईंनी याचे कारण रोपांच्या वयात शोधले होते. तरीही संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी एक वाक्य लिहून ठेवले होते, एरवी त्यांच्या लेखणीतून उतरले नसते असे: 'या वाणाला रोगाची चाहूल लागत असावी.'

त्यांची काम करण्याची एक रीत होती. प्रयोगाआधीचे पाच दिवस रोज सकाळी नऊ वाजता त्या काचघरात शिरत. हातमोजे खिशातच असत. प्रत्येक रोपाचे खालून तिसरे पान उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरत, किंचित दाबत, मनात तीन मोजत आणि सोडत. पान ताठ लागले तर पाणी पुरेसे, लुळे लागले तर कुंडीत लाल काडी. यासाठी यंत्र होते, पण यंत्राला जे कळायला पाऊण तास लागे ते बोटांना तीन मोजेपर्यंत कळे. वहीत नोंद होई: 'नाडी ठीक.' दोन्ही दालनांतली, सगळ्या वाणांची झाडून सगळी रोपे अशी रोज एकदा दाबली जात. ही काही करण्यासारखी कृती आहे असे बाईंना कधी वाटलेच नाही. आपण श्वास घेतला असे कुणी वहीत लिहीत नाही.

काचघर लांबट होते. दोन्ही कडांना रोपांच्या रांगा, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, आणि टोकाला एक जुना पंखा दिवसभर घुमत असे. प्रकाश बाहेरच्या बाजूंनी येई. तरी अकरा नंबरचे तणावे, आधार शोधणारे ते दोऱ्यासारखे वळसे, सगळे वाटेकडे वळलेले असत. बाई पुढे गेल्या की एखादा बाहीच्या बटणाला अडके. त्या न बघता तो सोडवत आणि पुढच्या रोपाकडे वळत.

"बाई, एक सांगू?" माळी एकदा म्हणाला. "तुम्ही जिन्यावर असता ना, तेव्हाच ह्या गप्प होतात."

"आधी बोलत असतात की काय?"

"आधी पंखा ऐकू येतो. तुम्ही आलात की तोसुद्धा ऐकू येत नाही."

"कान तपासून घ्या तुमचे."

"घेतले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने फर्स्टक्लास. आता ह्यांचे कोण तपासणार ते सांगा."

बाई हसल्या. पण त्या दिवशी वाटेच्या टोकाशी पोहोचल्यावर त्या क्षणभर थांबल्या, आणि पंखा डोळ्यांसमोर फिरत असूनही त्याचा आवाज आपल्याला आठवून आठवून ऐकावा लागतो आहे असे त्यांना वाटले.

त्या वर्षी वाण-समितीपुढे अकरा नंबर मांडायचा होता. समितीने मान्यता दिली की बियाणे साऱ्या रोपवाटिकांत जाणार, आणि पुढच्या हंगामात ही काकडी भुरीवरचे औषध न फवारता लावली जाणार. अट एकच उरली होती. शेवटची चाचणी वाण तयार करणाऱ्याने करायची नाही, ती दुसऱ्या हाताने व्हावी. हा दुसरा हात वरच्या मजल्यावरच्या एका सहकाऱ्याचा होता. आकडा दिसला की तो गाळून घेतल्याशिवाय घोटभर पाणीही पिणार नाही, म्हणून त्याला गाळणी म्हणत. चाचणी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात बाई काचघराच्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर चढले, बाहेर राहिली ती बोटांची टोके तेवढी.

"बरंच झालं," घरी जाताना त्या गाळणीला म्हणाल्या. "आता कुणी म्हणायला नको की मी मधे हात घातला."

गाळणीने चाचणी नियमाला धरून केली. पानातले पाणी त्याने यंत्राने मोजले. नवव्या दिवशी त्याने बाईंना फोन केला आणि 'येऊन बघा' यापलीकडे काही सांगितले नाही.

अकरा नंबरची चाळीसच्या चाळीस रोपे पांढरी पडली होती. शेजारच्या साध्या वाणांपेक्षाही जास्त, जणू बुरशीने त्यांना निवडून काढले होते. वाटेकडे वळलेले तणावेही पांढरे होते. बाई आत आल्या तेव्हा पंखा अगदी स्पष्ट, खडखडत ऐकू येत होता.

संचालकांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले. टेबलावर टंकलेला कागद तयार होता.

"ट्रे बदललेत," ते म्हणाले. "दुसरं काय असणार? माळ्याचं वय झालंय. लेबलं इकडची तिकडे झाली असणार. शुक्रवारी समिती आहे. तुम्ही एवढ्यावर सही केलीत की ही चाचणी बाद, आणि तुमचे चौदा वर्षांचे आकडे पुरेसे आहेत. त्याला फाटकावर बसवू, आरामात राहील."

"त्याला विचारलंत?"

"तो काय म्हणणार?"

तो काय म्हणणार ते बाईंनी जिन्याखाली ऐकले. माळी झारीच्या तोंडाला अडकलेला पाला टाचणीने काढत होता, आणि त्याने मान वर केली नाही.

"चौदा वर्षं पाणी घालतोय मी ह्यांना. माझी नातवंडं एकमेकांत बदलीन बाई, ह्या नाही बदलणार." मग टाचणी सदऱ्याला खोचत, "पण तुम्ही सही करा. तुमचं आयुष्य गेलंय ह्यात. माझं काय, फाटकावरही ऊन येतंच."

बाईंनी कागद घडी करून पिशवीत टाकला. त्यांचा माळ्यावर विश्वास होता, आणि स्वतःच्या आकड्यांवरही. दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते.

घर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे होते. आतल्या खोलीत खिडकीशी आईची खाट. आई तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली. माणसे ओळखायची बंद झाली होती आणि शब्दही बहुतेक गेले होते. दिवसा तिला सांभाळायला एक मावशी येत. म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी बाईंना एक खूण सांगून ठेवली होती. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत उचलून सोडायची, लगेच खाली बसली तर पाणी पुरेसे आहे, तशीच उभी राहिली तर कमी आहे. बाई रोज संध्याकाळी पायातले काढायच्या आधी खाटेशी जात, कातडी चिमटीत घेत, तीन मोजत आणि सोडत. प्लास्टर आल्यापासून ते थांबले होते. मावशी आता पाण्याचे पेले मोजत.

त्या संध्याकाळी बाई खाटेशी बसल्या तेव्हा आईचा हात पांघरुणावर मोकळा पडलेला होता.

"आज हात बाहेर कसा?"

"आज कुठलं? तुमचं प्लास्टर आल्यापासून बाहेरच असतो," मावशी म्हणाल्या. "पूर्वी आत घालायच्या ना. तुम्ही यायच्या दहा मिनिटं आधी. मी त्यावर घड्याळ लावलं होतं, हात आत गेला की चहाचं आधण ठेवायचं. तुम्ही एकदा लवकर आला होतात बघा, तरी दहा मिनिटं आधीच."

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं? लेकीची चाहूल लागते आईला. म्हटलं, बरंच आहे."

चाहूल हा शब्द बाईंना टोचला. त्यांनी दिवा जवळ ओढला. आईच्या हाताच्या पाठीवर पूर्वी तपकिरी डाग असत, जोडीजोडीने. त्यांतला एकही आता दिसत नव्हता.

"म्हातारी कातडी," मावशी म्हणाल्या. "येतात, जातात."

डाव्या हाताने बाईंनी पांघरूण नीट केले, आणि ते करताना आईच्या हाताला आपला हात लागणार नाही याची काळजी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नमुन्यांच्या खोलीत गेल्या. तिथे कपाटात चौदा बाटल्या होत्या, दरसालच्या प्रयोगातले तुलनेचे एक निरोगी पान प्रत्येकीत. ही पाने रंगवून ठेवलेली होती. एका द्रावणात पान बुडवले की जिथे जिथे पेरॉक्साइड असेल तिथे तपकिरी रंग धरतो. मग मद्यार्कात उकळून हिरवा रंग काढून टाकायचा. पान मेणकागदासारखे पांढरट, आरपार होते, आणि आग लागलेली जागा तेवढी तपकिरी उरते. अकरा नंबरच्या पहिल्या पानावर असा ठसा दिसला तेव्हा बाईंना आनंद झाला होता. पुढच्या वर्षी तोच दिसला, त्याच्या पुढच्या वर्षीही. दुसऱ्या कुठल्याच वाणावर तो नव्हता. वाणाच्या वर्णनपत्रात सातव्या ओळीवर त्यांनीच लिहिले होते: 'तिसऱ्या पानावर मध्यशिरेलगत लंबगोल तपकिरी ठसा, मधून फिकट तिरपी रेघ. हे या वाणाचे ओळखलक्षण होय.'

त्यांनी पडदे ओढले, प्रकाशपेटी लावली आणि चौदावी बाटली डाव्या हाताने काचेवर रिकामी केली. पान उलगडले. ठसा तिथेच होता. प्लास्टरमधून अंगठ्याचे टोक बाहेर आले होते. ते उचलून ठशावर टेकवायला त्यांना बराच वेळ लागला. हात जड होता हे एक कारण. दुसरे असे की काय होणार ते त्यांना ठाऊक झाले होते.

अंगठा ठशावर बसला. कडेला केसाइतकीही जागा उरली नाही. शिकत असताना पात्याने पानाच्या चकत्या कापताना त्यांचा अंगठा कापला होता, त्याचा तिरपा वण राहिला होता. ठशातली फिकट रेघ नेमकी त्या वणाखाली आली.

पान त्यांनी उलटे केले. मागच्या बाजूला दुसरा, लहान ठसा होता. तर्जनीचा.

मग तेरावी बाटली, मग बारावी. चौदाही पाने ओळीने प्रकाशावर मांडली गेली, पांढरी, आरपार, आणि प्रत्येकावर तोच अंगठा. काही बाटल्या बाई विसरूनही गेलेल्या वर्षांच्या होत्या. पाने विसरली नव्हती.

"मॅडम?" दारात गाळणी उभा होता. "काय बघताय?"

"वाणाचं ओळखलक्षण."

तो जवळ आला. पाने बघितली, प्लास्टरमधले अंगठ्याचे टोक बघितले, पुन्हा पाने बघितली. मग खुर्ची ओढून बसला.

"माझ्या पानांवर हा ठसा नव्हताच," तो म्हणाला. "मला वाटलं, माझं रंगवणं चुकलं. तुम्हाला विचारायची लाज वाटली."

"रंगवणं बरोबर होतं. दाबलं की ही पेटते. पाच दिवस दाबलं की सगळं अंग सावध होतं. बाकीच्या वाणांना काही वाटत नाही. हिला वाटतं. रोगाची चाहूल नव्हती ती."

"मग कसली?"

बाईंनी प्रकाशपेटी बंद केली. पाने अंधारात गेली तरी त्यांचा पांढुरकेपणा थोडा वेळ डोळ्यांत राहिला.

"शेतात हिला कोण दाबणार?" त्या म्हणाल्या. "नऊ दिवसांत पांढरी होईल. जिथे जिथे लावतील तिथे."

"कागद तुमच्याकडे आहे," गाळणी हलकेच म्हणाला. "आणि हे फक्त आपण दोघांनी पाहिलंय."

"दोघांनी?" बाई बाटल्यांत पाने परत भरू लागल्या. "चौदा जणींनी आधी पाहिलंय."

शुक्रवारी समितीचे पाचजण लांब टेबलाभोवती बसले. संचालकांनी कागद बाईंपुढे ठेवला, लेखणी ठेवली, आणि मग प्लास्टर लक्षात येऊन हसले.

"डाव्या हाताने जमेल? नाहीतर अंगठा उठवा. एकतीस वर्षांच्या संशोधक, आणि अंगठेबहाद्दर."

"अंगठाच देते," बाई म्हणाल्या. "शाईची गादी आहे?"

हसू पसरले. कुणीतरी शिक्क्यांची गादी पुढे केली. बाईंनी उजव्या अंगठ्याचे टोक शाईवर टेकवले आणि सहीच्या जागेवर, दाबून, मनात तीन मोजून उठवले. मग पिशवीतून बाटली काढली, त्यातले पान काचेच्या पट्टीवर पसरले आणि ती पट्टी त्या ठशाशेजारी ठेवली. आधी शेजारच्याने बघितले, मग त्याच्या पलीकडच्याने. कागद आणि काच हळूहळू टेबलाभोवती फिरली, आणि जिथून जिथून गेली तिथले हसू थांबत गेले. शेवटी ती संचालकांपुढे आली.

"ट्रे बदललेले नाहीत," तेव्हा बाई म्हणाल्या. "माळ्याने काही चूक केलेली नाही. चूक ह्या कागदावर आहे, सहीच्या जागी. अकरा नंबर मी मागे घेते."

अकरा नंबर मागे घेतला गेला. माळी काचघरातच राहिला. समितीने दप्तरासाठी एवढेच सुचवले की बाईंचे प्लास्टर निघाले की दोन दालनांत एक चाचणी व्हावी, एकात रोपे दाबायची, दुसऱ्यात नाही, म्हणजे झाला प्रकार पुराव्यानिशी नोंदला जाईल.

प्लास्टर एका मंगळवारी सकाळी निघाले. आतला हात बारीक, निस्तेज आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा दिसत होता. दिवसभर बाईंनी तो कुठेही लावला नाही. संध्याकाळी जिना चढून दार उघडले तर मावशी चहा गाळत होत्या.

"हात आत गेला आज," त्या म्हणाल्या. "पावणेसहाला. म्हटलं, आल्याच तुम्ही."

बाईंनी घड्याळ बघितले. सहाला पाच कमी होती. प्लास्टर निघाल्याचे त्यांनी घरी कुणाला सांगितले नव्हते.

त्या पायातले न काढता खाटेशी गेल्या आणि बसल्या. पांघरुणाखाली आईच्या हाताचा उंचवटा घट्ट, आक्रसलेला दिसत होता. बाईंनी आपला उजवा हात पांघरुणावर ठेवला, पाठ वर करून, आणि तसाच राहू दिला. चहा निवला. मावशी 'येते हं' म्हणून गेल्या. बाई हलल्या नाहीत.

खूप वेळाने उंचवटा सरकला. आईचा हात कडेने बाहेर आला, चाचपडत बाईंच्या हातापर्यंत पोहोचला, आणि दोन बोटांनी त्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली. चिमटी चांगलीच घट्ट होती. बाईंनी हात ओढला नाही. आईचे ओठ किंचित हलत होते, एक, दोन, तीन असे मोजल्यासारखे. मग तिने सोडले, आणि ती उभी राहिलेली कातडी खाली बसेपर्यंत डोळे न मिटता बघत राहिली.

"पाणी पी," आई म्हणाली. कित्येक महिन्यांत तिने काढलेले पहिले दोन शब्द.

बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि उभ्याउभ्या पेला रिकामा केला.

सकाळी नऊला दाबायच्या दालनाशी माळी वही घेऊन उभा होता. बाईंच्या हाताच्या पाठीवर दोन तपकिरी डाग उमटले होते. त्यांनी तो हात खिशात घातला, मग बाहेर काढला, कारण आज त्याचेच काम होते.

"पंखा ऐकू येतो?" त्यांनी विचारले.

माळ्याने कान दिला. "तुम्ही यायच्या आधी येत होता."

बाई पहिल्या रोपाशी वाकल्या. वाटेकडे वळलेला एक तणावा त्यांच्या बाहीशी आला होता. या वेळी त्यांनी तो सोडवला नाही. खालून तिसरे पान त्यांनी बोटांत धरले, आणि या खेपेला मोठ्याने मोजले, म्हणजे ज्याला ऐकायचे त्याला ऐकू जावे.